१९४४ ला जपानी फौज इंफाळ-कोहिमापर्यंत नक्की कुठल्या वाटेने आली?

रानवाट७ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सध्या दुसऱ्या महायुद्धातल्या बर्मा आघाडीवर मिळेल ते वाचतोय आणि एका ठिकाणी पार अडकलोय. मार्च १९४४ मध्ये जपान्यांनी बर्मातून मणिपूर आणि नागा टेकड्यांवर चाल केली, इंफाळला वेढा पडला, कोहिमाला तुंबळ लढाई झाली, हे सगळं ठीक. पण गूगल अर्थ उघडून चिंदविन नदीपासून कोहिमापर्यंत सरळ रेघ ओढून बघितली तर मधे रस्ता म्हणावं असं काही दिसतच नाही. नुसत्या डोंगररांगा आणि त्याही सगळ्या उत्तर-दक्षिण, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेला येणाऱ्याला प्रत्येक रांग चढायची, उतरायची, खाली ओढा किंवा नदी ओलांडायची आणि पुन्हा चढायचं. आपल्याकडे घाट चढलं की निदान देश लागतो, इथे तर चढून काही मिळतच नाही, समोर पुढची रांग उभी. त्यात दाट जंगल.

मग यातून आख्खी डिव्हिजन कशी आली? तोफा कशा आणल्या? खायला काय होतं? आणि बर्मातल्या तामूपासून मणिपुरातल्या पलेलपर्यंत रस्ता होता म्हणतात, मग सगळे त्याच रस्त्याने का नाही आले?

अजून एक, मराठा लाइट इन्फन्ट्री या भागात होती असं एका ठिकाणी ओझरतं वाचलं. कुणाला काही डिटेल माहिती असेल तर प्लीज सांगा. मराठीत यावर फारच कमी मिळतंय.

---

नकाशावेडा

छान प्रश्न काढलात. एक वाट नव्हती, तीन होत्या, आणि तीन डिव्हिजन त्या तीन वाटांवर वाटल्या गेल्या. तिथूनच समजून घ्यायला सुरुवात करा म्हणजे गोंधळ होणार नाही.

दक्षिणेकडून, बर्माच्या चिन टेकड्यांतून येणारा टिड्डीम रोड. इंफाळपासून टिड्डीम १६४ मैल, आणि हा रस्ता ब्रिटिशांनीच डोंगर पोखरून बर्मात परत घुसण्यासाठी तयार केला होता. एका जागी सात मैलांत तीन हजार फूट चढ आणि वळणावर वळण, सैनिकांनी त्याला 'चॉकलेट स्टेअरकेस' नाव ठेवलं होतं कारण पाऊस पडला की सगळा तांबडा चिखल. या बाजूने जपानची ३३ वी डिव्हिजन ७-८ मार्चला निघाली. तिचं काम होतं टिड्डीमला बसलेल्या १७ व्या इंडियन डिव्हिजनच्या मागे जाऊन रस्ता तोडायचा. आणि तोडलाही, एका ठिकाणी नाही तर बऱ्याच ठिकाणी. १७ वी डिव्हिजन १४ मार्चला माघारी निघाली ती लढत लढत एप्रिलच्या सुरुवातीला इंफाळच्या मैदानात पोचली.

मधली वाट म्हणजे कबाव खोरं, तामू, शेनाम, पलेल. रणगाडे आणि जड तोफा येऊ शकतील अशी पूर्वेकडून ही एकच वाट, म्हणून ३३ व्या डिव्हिजनमधूनच मेजर जनरल यामामोतोच्या हाताखाली वेगळी तुकडी काढून रणगाडे आणि जड तोफा इकडून पाठवल्या. आता तुमचा प्रश्न, सगळे इथूनच का नाही आले. कारण ही वाट समोरच्यालाही माहिती होती ना. २० वी इंडियन डिव्हिजन तिथे बसलेली होती, ती ठरल्याप्रमाणे मागे सरकून शेनामच्या खिंडीत डोंगरमाथे धरून बसली, आणि जपान्यांना शेवटपर्यंत ती खिंड फोडून खाली पलेलला उतरता आलं नाही. रस्ता चांगला म्हणजे त्यावर पहाराही चांगला.

आणि तिसरी, जी तुम्ही नकाशावर शोधताय. १५ वी आणि ३१ वी डिव्हिजन, १५ मार्चच्या रात्री चिंदविन पार. ३१ वी होमालिन ते तमंतीच्या पट्ट्यात उतरली, १५ वी तिच्या दक्षिणेला. इथे रस्ता नव्हताच, नागा गावांना जोडणाऱ्या पायवाटा होत्या. ही गावं डोंगराच्या माथ्यावर असतात त्यामुळे वाटाही माथ्यामाथ्याने जातात आणि मधेच सरळ दरीत उतरतात. उखरूल, सांगशाक, खारासोम, जेस्सामी, कोहिमा ही नावं नकाशावर जोडून बघा, तीच ती वाट. साधारण दीडशे मैल चालून वीस दिवसांत, ४ एप्रिलला, ३१ वी डिव्हिजन कोहिमाच्या दारात. तोफा म्हणाल तर पहाडी तोफा, सुट्या करून जनावरांच्या पाठीवर आणि जिथे जनावर जात नाही तिथे माणसांच्या खांद्यावर.

ब्रिटिश १४ व्या आर्मीचा प्रमुख जनरल स्लिम याचा अंदाज होता की या वाटेने फार तर एक रेजिमेंट, म्हणजे डिव्हिजनचा साधारण तिसरा हिस्सा, येऊ शकेल. आली पूर्ण डिव्हिजन. त्यामुळे कोहिमात सुरुवातीला जेमतेम अडीच हजार माणसं होती आणि त्यातलेही बरेच लढणारे नव्हते, कारकून, आचारी, आजारातून उठलेले लोक.

---

सुभेदारांचा_नातू

मराठा लाइट इन्फन्ट्रीबद्दल मी सांगतो, कारण आमच्या घरातला विषय आहे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ ४/५ मराठामध्ये होते, म्हणजे ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची ४ थी बटालियन. ते सांगशाकला होते आणि परत आले नाहीत.

४/५ आणि ६/५ या दोन्ही मराठा बटालियन २३ व्या इंडियन डिव्हिजनच्या ४९ ब्रिगेडमध्ये होत्या, तिसरी राजपुताना रायफल्सची. ही ब्रिगेड उखरूलच्या बाजूला होती. मार्चच्या मध्यावर १७ व्या डिव्हिजनला सोडवायला ब्रिगेड टिड्डीम रोडला पाठवली आणि तिच्या जागी ५० वी इंडियन पॅराशूट ब्रिगेड आली, जी त्या भागात अगदी नवीन होती. ४/५ मराठा तेवढी मागे राहिली होती, ती पॅरा ब्रिगेडच्या हाताखाली गेली. आणि नेमकी ३१ वी डिव्हिजन त्याच वाटेवर. कुणाला वाटलंही नव्हतं की इथे एवढं मोठं काही येणार आहे.

पहिला तडाखा १५२ पॅरा बटालियनच्या एका कंपनीला बसला, ७३७८ फुटांच्या डोंगरावर, १९ मार्चला. ती कंपनी जवळजवळ संपूर्ण संपली. मग ब्रिगेडिअर होप-थॉमसनने सगळ्यांना गोळा करून सांगशाक गावच्या टेकडीवर आणलं, १५२, १५३ गुरखा पॅरा, ४/५ मराठा, नेपाळच्या कालीबहादूर रेजिमेंटचे काही लोक, एक पहाडी तोफखाना. २२ ते २६ मार्च.

आता जागा कशी होती ते समजून घ्या. टेकडीच्या एका टोकाला चर्च. काटेरी तार नाही. खणायला घेतलं की तीन फुटांवर कातळ, म्हणजे माणूस उभा राहील एवढा मोर्चासुद्धा होत नाही, गुडघ्यावर बसून लढायचं. टेकडीवर पाणी जवळजवळ नाही. खेचरं मेली ती तिथेच पडलेली, माणसं मेली ती तिथेच, आणि त्याच अरुंद जागेत जखमी ठेवलेले. विमानातून पाणी आणि गोळ्या टाकायचे तर जागा इतकी छोटी की बराचसा माल जपान्यांच्या हातात जायचा. रात्रीमागून रात्री हल्ले. २६ ला सकाळी चर्चच्या बाजूला जपानी आत घुसले, मग उलटे हल्ले करून ते परत हुसकले. त्या रात्री इंफाळहून हुकूम आला, निघा. अंधारात दरी उतरून जंगलातून जमेल तसं इंफाळ गाठायचं, ज्यांना हलवता येणार नाही असे जखमी तिथेच ठेवून.

बरीच वर्षं याची नोंद अशीच राहिली की ब्रिगेड मोडली. पण बघा, ३१ व्या डिव्हिजनमधल्या मेजर जनरल मियाझाकीची रेजिमेंट तिथे आठवडाभर अडकली, शेकड्यांनी माणसं गमावली. त्याच काळात कोहिमाला थोडीफार का होईना कुमक पोचली आणि ५ वी इंडियन डिव्हिजन बर्माच्या किनाऱ्यावरच्या आराकानमधून विमानाने इंफाळला उतरत होती. शिवाय तिथे एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याकडे नकाशा सापडला, त्यात कोहिमाकडे जायचा पूर्ण बेत होता आणि तो वेढ्यातून बाहेर काढून इंफाळला पोचवला गेला. मला तरी यात हार दिसत नाही, उशीर झाला तो यांच्यामुळे झाला आणि त्या उशिरानेच कोहिमा वाचलं.

आजोबा स्वतः नंतर भरती झाले आणि सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण भावाबद्दल एवढंच सांगायचे की तो टेकडीवर राहिला.

---

रानवाट७

दादा, वाचून सुन्न झालो. हे इतकं कुठेच एकत्र वाचायला मिळालं नव्हतं. मनापासून आभार.

नकाशावेडा सर, तुमच्या तीन वाटा लगेच नकाशावर मार्क केल्या. आता डोक्यात एकच येतंय, सैनिक चालून येतील हो, पण त्यांच्या मागून रोजचा तांदूळ आणि दारूगोळा कसा येणार होता? त्या पायवाटेने?

---

इरावती_पुणे

रानवाट, अगदी नेमक्या जागी आलात. माझ्या मते सगळी मोहीम याच एका गोष्टीवर फसली आणि ते आधीच दिसत होतं.

थोडं मागे जाते. १९४२ ला जपान्यांनी बर्मा घेतला तेव्हाच पुढे आसामात घुसायचा एक प्लॅन वरून आला होता. तेव्हा १८ व्या डिव्हिजनचा कमांडर मुतागुची होता आणि त्यानेच विरोध केला होता, की या मुलखात मोठी फौज चालूच शकत नाही, माल पुरवता येणार नाही. बरोबरच होतं त्याचं. मग १९४३ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश अधिकारी विंगेट याचे चिंडिट, म्हणजे शत्रूच्या मुलखात खोल घुसून लढणारे लोक, उलट दिशेने, म्हणजे इंफाळकडून चिंदविन ओलांडून बर्मात घुसले, खेचरं घेऊन, रस्ता नसलेल्या भागातून. ते बघून मुतागुची फिरला. ते येऊ शकतात तर आपणही जाऊ शकतो. पण विंगेटची माणसं तीनेक हजार होती आणि त्यांना विमानातून माल मिळत होता, हा भाग त्याने सोडून दिला. तरीही त्या लोकांचे हाल काय झाले ते बघितलं असतं तरी पुरे होतं, तिसरा हिस्सा माणसं परतच आली नाहीत.

मुतागुची आता १५ व्या आर्मीचा प्रमुख. त्याचा हिशोब असा की सैनिकांनी वीसेक दिवसांचं अन्न घेऊन निघायचं, तेवढ्यात इंफाळ पडेल, आणि इंफाळला ब्रिटिशांची कोठारं भरलेली आहेतच, ती आपली. २९ एप्रिल हा सम्राटाचा वाढदिवस, त्याच्या आत विजय. आणि वाटेत लागेल म्हणून बैल, म्हशी, मेंढ्या हजारोंनी बरोबर, त्यांच्यावर सामान लादायचं आणि सामान संपलं की ती जनावरं कापून खायची, चंगेझ खान असं करायचा म्हणे. आता चंगेझ खानाची फौज गवताच्या सपाट मैदानावर चालायची, इथे नागा टेकड्या. बैल कितीतरी चिंदविन ओलांडतानाच वाहून गेले. उरलेले दरीत कोसळले, काही पुढे चालेचनात, ज्याने कधी पाठीवर ओझं घेतलं नाही असा शेतातला बैल अरुंद पायवाटेवर तीस-चाळीस किलो घेऊन चढ कसा चढणार, शेतकऱ्याच्या घरातलं कुणीही पोर हे सांगेल.

आणि मागची वाट बघा. जपानहून समुद्रमार्गे येणारा माल आधीच कमी होत चाललेला. सयाम म्हणजे आजच्या थायलंडमधून बर्मात येणारी रेल्वे, जी युद्धकैदी आणि आशियाई मजुरांच्या मरणावर ऑक्टोबर १९४३ मध्ये पूर्ण झाली, तिच्यावर विमानहल्ले. तिथून मंडालेच्या पुढे रेल्वे, मग ट्रक, मग नदी, मग पायवाट. प्रत्येक ठिकाणी माल उतरवायचा आणि चढवायचा. त्यात मार्चमध्येच विंगेटचे चिंडिट दुसऱ्यांदा आले, यावेळी ग्लायडर आणि विमानांनी, आणि मावलूजवळ रेल्वे तोडून बसले.

सातोने, म्हणजे ३१ व्या डिव्हिजनच्या जनरलने, निघायच्या आधीच सांगितलं होतं की आपली माणसं उपासमारीने मरतील. आणि कोहिमाला पोचल्यावर बाहेरून जवळजवळ काहीच आलं नाही. मेच्या मध्यात पाऊस सुरू झाला आणि त्या पायवाटाही गेल्या. तो वर कळवत राहिला, शेवटी मेच्या अखेरीस हुकूम मोडून त्याने माघार घेतली. जपानी सैन्यात डिव्हिजनच्या कमांडरने असं करणं ही अभूतपूर्व गोष्ट. कोर्ट मार्शल झालं असतं तर भर कोर्टात सगळं बाहेर आलं असतं, म्हणून त्याला मानसिक रुग्ण ठरवून विषय मिटवला. तिन्ही डिव्हिजनचे तिन्ही कमांडर मोहीम चालू असताना बदलले गेले, याच्यावरून काय ते समजा.

माझं म्हणणं एवढंच की त्या वाटेने हल्ला करणं शक्य होतं, राहणं शक्य नव्हतं. स्लिमने नेमकं हेच ओळखलं होतं. त्याने आधीच ठरवलं होतं की पुढे लांब पसरलेल्या आपल्या डिव्हिजन इंफाळच्या मैदानात मागे घ्यायच्या, म्हणजे आपली रसद जवळ येईल आणि त्यांची दूर जाईल. लोक फक्त कोहिमाच्या शौर्याबद्दल बोलतात, ते आहेच, पण हा निर्णय मला जास्त मोठा वाटतो.

---

भगवा_घोडेस्वार

एक विचारू का, तुम्ही सगळे आक्रमण आक्रमण म्हणताय. त्यांच्याबरोबर आझाद हिंद सेना होती. आपलेच लोक होते, दिल्लीला निघाले होते. १४ एप्रिल १९४४ ला मोइरांगला तिरंगा फडकला. हे कसं विसरता?

---

इरावती_पुणे

दादा, कुणी विसरलेलं नाही आणि बरं झालं तुम्ही काढलंत. आझाद हिंद सेनेच्या पहिल्या डिव्हिजनची साधारण सहा हजार माणसं या आघाडीवर होती, मोहम्मद झमान कियानींच्या हाताखाली. शाहनवाज खानांची सुभाष ब्रिगेड हाका-फालमच्या बाजूला चिन टेकड्यांत, इनायत कियानींची गांधी ब्रिगेड पलेलच्या बाजूला, विमानतळावर त्यांनी मेच्या सुरुवातीला हल्ला केला. मोइरांगला शौकत मलिक यांनी झेंडा लावला. त्यांच्यासाठी ही घरी यायची वाट होती, यात माझ्या मनात शंका नाही.

पण मुतागुचीच्या हिशोबात त्यांना फार जागा नव्हती हेही खरं. बऱ्याच ठिकाणी त्यांना रस्ते दुरुस्त करणं, सामान वाहणं असली कामं दिली गेली, जड हत्यारं नाहीत, औषधं नाहीत, आणि रसदीच्या रांगेत सगळ्यात शेवटी तेच. त्यांचे हाल जपान्यांपेक्षाही वाईट झाले, मलेरिया आणि भुकेने गेलेले गोळीने गेलेल्यांपेक्षा जास्त.

आणि आपली माणसं दोन्हीकडे होती. सुभेदारांच्या नातवाने सांगितलेली ४/५ मराठा एकीकडे, आणि आझाद हिंद सेनेच्या वरच्या फळीत कोकणातले जगन्नाथराव भोसले, जे स्वातंत्र्यानंतर केंद्रात उपमंत्री झाले. सातारा-रत्नागिरीच्या गावागावांतून तेव्हा पोरं फौजेत गेली, मलायात जपान्यांच्या कैदेत पडली त्यातली काही आझाद हिंद सेनेत गेली, काही गेली नाहीत. एकाला देशभक्त आणि दुसऱ्याला भाडोत्री म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

---

सुभेदारांचा_नातू

ताई, शेवटच्या वाक्याबद्दल धन्यवाद. आमच्या घरात नेताजींचा फोटो पण होता आणि थोरल्या आजोबांचा पण, एकाच भिंतीवर. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

---

भगवा_घोडेस्वार

मान्य ताई. रसदीच्या रांगेतलं मला माहिती नव्हतं. आणि नातू भाऊ, तुमच्या आजोबांना नमस्कार.

---

भटक्या_वाईकर

२०२३ च्या मे महिन्यात मणिपुरात हिंसाचार सुरू झाला, त्याच्या आधी मी या भागात फिरून आलोय, तेवढं सांगतो. दिमापूरला उतरून कोहिमा, मग इंफाळ, उखरूलच्या बाजूला सांगशाक आणि पुढे मोरे. आत्ता कुणी जायचा विचार करत असेल तर आधी नीट चौकशी करा, सध्या सगळीकडे जाता येईलच असं नाही.

सांगशाक हे तांगखुल नागांचं गाव, डोंगराच्या धारेवर लांबलचक वसलेलं. चर्च आजही त्याच टेकडीवर आहे, अर्थात इमारत नंतरची. तिथे उभं राहून पूर्वेकडे बघितलं की रानवाटच्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यानेच मिळतं. निळ्या रांगांच्या मागे रांगा, मोजायला गेलं तर धुक्यात शेवटची दिसत नाही. माझ्या पाठीवर छोटी सॅक होती आणि गावाखालच्या ओढ्यापासून वर चर्चपर्यंत येताना चारदा बसलो. ते लोक बंदूक, गोळ्या, तांदूळ आणि तोफेचे भाग घेऊन आले होते. आणि वर आल्यावर लढले. शत्रू असले तरी माणूस म्हणून त्यांच्याबद्दल आदर वाटला, आणि मुतागुचीबद्दल प्रचंड राग आला.

गावातल्या लोकांचं मात्र कुणी लिहीत नाही. दोन फौजा त्यांच्या दारात लढल्या, घरं जळली, भाताची कोठारं आणि डुकरं-कोंबड्या गेल्या. जपान्यांचा माल येत नव्हता म्हणजे ते खात काय होते, तर या गावांचं. सुरुवातीला काही ठिकाणी पैसे देऊन घेतलं, नंतर नुसतंच घेतलं. नागा लोकांनी वाट दाखवणं, जखमी खाली वाहून नेणं, कुठे किती जपानी आहेत ते कळवणं हे सगळं केलं म्हणून ब्रिटिशांना त्या डोंगरात दिसायला लागलं, नाहीतर ते आंधळेच होते.

कोहिमाचं वॉर सिमेटरी बघितलंत तर वरच्या टोकापर्यंत नक्की चढा. बहुतेक लोक टेनिस कोर्टाच्या पांढऱ्या रेघा बघून, फोटो काढून परत फिरतात. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं ते कोर्ट, त्याच्या दोन बाजूंना दोन फौजा, मधे फक्त कोर्टाची रुंदी, आणि हातबॉम्ब फेकत दिवसेंदिवस लढले, त्यामुळे ते बघायलाच हवं. पण सगळ्यात वर दहन झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं स्मारक आहे, नावं कोरलेली. तिथे गर्दी नसते.

इंफाळजवळ रेड हिल म्हणजे माइबाम लोकपा चिंगला जपान्यांनी बांधलेलं स्मारक आहे आणि शेजारी २०१९ ला उघडलेलं पीस म्युझियम, तेही बघण्यासारखं आहे.

---

अभय_ठाणे

मस्त चर्चा. माझा एक छोटा प्रश्न. सातो कोहिमापर्यंत आला होता तर पुढे दिमापूरला का नाही गेला? तिथे तर काहीच नव्हतं अडवायला असं वाचलंय.

---

नकाशावेडा

अभय, हा या मोहिमेतला सगळ्यात मोठा जर-तर आहे. कोहिमा ते दिमापूर ४६ मैल आणि सगळा उतार. दिमापूरला रेल्वे, आणि रेल्वेच्या कडेने अकरा मैल लांब आणि मैलभर रुंद पसरलेली कोठारं. इरावती ताईंनी सांगितलेला भुकेचा प्रश्न तिथेच सुटला असता. शिवाय ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली तीच रेल्वे वर लेडोकडे जाते, जिथून अमेरिकन जनरल स्टिलवेलच्या अमेरिकन-चिनी फौजेला आणि चीनला जाणाऱ्या विमानांच्या तळांना माल जायचा. म्हणजे एक दिमापूर पडलं असतं तर तीन आघाड्या कोलमडल्या असत्या. स्लिमला याच गोष्टीची सगळ्यात जास्त धास्ती होती, कोहिमापेक्षाही.

मुतागुचीला हे दिसलं होतं, त्याने सातोला पुढे जायला सांगितलंही, पण त्याच्या वरचा जनरल कावाबे याने तो हुकूम रद्द केला, कारण मंजूर झालेला प्लॅन इंफाळ-कोहिमापुरताच होता. सातोलाही जायची इच्छा नव्हती, मुतागुचीशी त्याचं आधीपासून वाकडं. तो कोहिमाच्या टेकड्यांवर डोकं आपटत राहिला. एक रेजिमेंट कोहिमाला बगल देऊन खाली उतरली असती तरी हाहाकार झाला असता असं स्लिमनेच नंतर लिहून ठेवलंय.

आता यावर माझं मत. गेला असता तरी टिकला असता का? दहा-पंधरा दिवस टिकला असता, लुटीवर. पण तेवढ्यात ब्रिटिश २ री डिव्हिजन रेल्वेने येतच होती. पण त्या दहा-पंधरा दिवसांत इंफाळमध्ये काय झालं असतं हे सांगता येत नाही. इंफाळचा रस्ता मार्चअखेरीस तुटलाच होता, तो २२ जूनला १०९ व्या मैलाच्या दगडापाशी उघडला. मधले जवळजवळ तीन महिने सगळं विमानांवर. सहा धावपट्ट्या होत्या आणि त्यातल्या दोनच पावसात चालणाऱ्या. एकीकडे पायवाटेवर बैल, दुसरीकडे आकाशातून डाकोटा मालवाहू विमानं, हा फरक होता. जपानी सैनिक धाडसात कुठेच कमी नव्हता.

आणखी एक सांगतो, हा मार्ग नवा नव्हता. १८१९ ते १८२६ बर्मी फौजांनी मणिपूर उद्ध्वस्त केलं ते याच कबाव खोऱ्याच्या बाजूने येऊन. मणिपुरी लोक त्या काळाला 'चाही तारेत खुंताकपा' म्हणतात, सात वर्षांचा विध्वंस. त्याचा शेवट ब्रिटिश आणि बर्मी यांच्यातल्या यांदाबोच्या तहाने झाला. आणि १९४२ ला बर्मा पडला तेव्हा तिथले लाखो भारतीय चालत निघाले, त्यातले कितीतरी तामूवरून याच वाटेने इंफाळला आले, वाटेत कॉलरा आणि मलेरियाने मेले. त्यांच्यासाठी आणि सैन्यासाठी दिमापूर-इंफाळ-तामू रस्ता रुंद केला तो आसामच्या चहाच्या मळ्यांतल्या मजुरांनी, फावडी-कुदळींनी. मळेवाल्यांच्या संघटनेने माणसं पुरवली. सगळी लढाई ज्या रस्त्यासाठी झाली तो त्या मजुरांनी केलेला, त्यांची नावं कुठे कोरलेली मला दिसली नाहीत.

---

रानवाट७

आणि माघार कुठल्या वाटेने झाली? त्याच?

---

इरावती_पुणे

त्याच. जुलैच्या सुरुवातीला अधिकृत माघारीचा हुकूम निघाला, म्हणजे ऐन पावसात. उखरूलवरून चिंदविनकडे आणि टिड्डीम रोडवरून दक्षिणेकडे. जपानी लोक या वाटेला 'हाडांचा रस्ता' म्हणतात. जखमी, आमांश झालेले, बेरीबेरीने पाय सुजलेले, बूट कुजून गेलेले, काठीला धरून चालणारे. बरेच जण वाटेच्या कडेला बसले ते तिथेच राहिले, काहींना स्वतःला संपवण्यासाठी हातबॉम्ब दिले गेले. मागून येणाऱ्या आपल्या सैनिकांना तामूमध्ये घराघरांत प्रेतं सापडली. साधारण ८५ हजार निघाले होते, त्यातले ५० हजारांच्या वर मेले, जखमी-आजारी पडले किंवा बेपत्ता झाले, आणि मेलेल्यांतले बहुतेक गोळीने नाही. ब्रिटिश-भारतीय बाजूचे मेलेले, जखमी, बेपत्ता धरून १६-१७ हजार.

---

भटक्या_वाईकर

सुभेदारांचा नातू, तुमच्यासाठी एक काम सांगायचं राहिलं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर आडनाव आणि रेजिमेंट टाकून शोधता येतं. भारतीय सैनिकांच्या बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. स्पेलिंग इंग्रजांनी वाट्टेल तसं केलेलं आहे त्यामुळे दोन-चार प्रकारे टाकून बघा, आणि तारीख मार्च १९४४ ठेवा. ज्यांचा देह मिळाला नाही त्यांची नावं बहुतेक रंगूनजवळच्या तौक्यान स्मारकावर आहेत, तिथे २७ हजारांच्या आसपास नावं आहेत. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरलाही पत्र टाका, बटालियन आणि शक्य असेल तर सैनिक नंबर द्या.

---

सुभेदारांचा_नातू

वाईकर काका, खूप आभार. नंबर असलेला जुना पेन्शनचा कागद चुलत्यांकडे गावी आहे. रविवारी जातोय, सापडलं की इथेच टाकतो.